आंघोळीच्या गोळ्यांचा खटाटोप

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "त्या आंघोळीच्या गोळ्यांविषयी चार शब्द बोला" असे सांगितले तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. मी सातवी शिकलेली. आजवर या व्यासपीठावर चढले ती सतरंजी अंथरायला. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

हा गोळा म्हणजे बाजारात ज्याला बाथ बॉम्ब म्हणतात तो. पाण्यात टाकला की ईनोसारखा फसफसतो आणि विरघळून जातो. १९८९ साली इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टंटाइन नावाच्या बाईंनी तो प्रथम केला. त्यांनाही ही कल्पना पोटासाठी घ्यायच्या फसफसणाऱ्या गोळीवरूनच सुचली. पण त्यांच्याकडे आंघोळीला माणूस बुडेल एवढे टब. आपल्याकडे २०१९ साली महानगरपालिकेने दिवसाआड पाणी सुरू केले तेव्हा पिंपे कुठे ठेवावेत यावरून घरोघर वाद झाले, तिथे टब कुठला? बादलीत गोळा टाकून तांब्याने अंगावर घ्यायचे म्हणजे हसूच येते.

तरी मी या नादी लागले, त्याला कारण माझी थोरली. ती चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे. पहाटे बस भोसरीहून निघते, मोशी, कुरुळी करत जाते. आठ तास उभे राहून सुटे भाग तपासायचे, आणि परत येताना तळेगाव चौकात गाड्यांची रांग लागली की घरी यायला किती वाजतील याचा नेम नाही. पहिल्या बोनसचे पैसे आले आणि तिने तीनशे रुपयांना दोन गोळे आणले. वर केकवर असते तशी पांढरी नक्षी. मी तोंड सोडले. म्हटले, घरात उटणे आहे, दिवाळीचा मोती साबण शिल्लक आहे, आणि तू पाण्यात विरघळणाऱ्या ढेकळाला तीनशे रुपये घातलेस? ती एवढेच म्हणाली, "आई, उभी मी असते. पाय माझे दुखतात." त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. येऊन जेवायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची. एका रात्री पांघरूण सारखे करताना तिचे पाय पाहिले. घोट्याशी बुटाचा वळ, आणि पावले पुरीसारखी फुगलेली. मला आपलीच लाज वाटली. विकत आणायची ऐपत नव्हती, म्हणून करून पाहायचे ठरवले.

साहित्य सगळे वाण्याकडचे. खाण्याचा सोडा दोन वाट्या, लिंबूसत्त्व एक वाटी, कॉर्नफ्लोअर एक वाटी, खोबरेल तेल दोनतीन चमचे. लिंबूसत्त्व मिक्सरमधून बारीक करून घ्यावे, पण तोंडाला पदर बांधून. मी बांधला नाही आणि अर्धा तास शिंकत बसले. हाताला चीर असेल तर हातमोजे हवेत, नाहीतर झोंबते. सोडा आणि लिंबूसत्त्व कोरडे असेपर्यंत गुण्यागोविंदाने नांदतात. पाणी लागले की दोघांची जुंपते आणि वायू सुटतो, तोच फेस. म्हणून पाणी ओतायचे नाही. इस्त्रीच्या वेळी शिंपडायची बाटली असते तिचे दोनतीन फवारे मारून भराभर कालवायचे. बेसनाच्या लाडवासारखी मूठ वळली की झाले. मग मोदकाच्या साच्यात घट्ट दाबून हलकेच सोडवायचे आणि एक दिवस वाळू द्यायचे.

मी पहिला घाणा केला तो आषाढात. पाऊस बाहेर आणि दमट हवा घरात. सकाळी पाहते तो मोदक फुगून धिरडी झालेली! दुसऱ्या वेळी फवारा जास्त झाला आणि साच्यातच फसफसले. पाव किलो लिंबूसत्त्व मोरीत गेले. घरचे म्हणाले, "मोरी तरी स्वच्छ झाली." दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली तेव्हा कुठे गोळा धड निघाला.

आता वरची नक्षी. थोरलीने मोबाईलवर पाहून सांगितले की तिला अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी लागते. आमच्या देवघराशेजारी ती चालणार नव्हती. मग छोले शिजवलेले घट्ट पाणी गार करून, चिमूटभर लिंबूसत्त्व घालून खूप फेटले. चांगला पांढरा फेस येतो. त्यात पिठीसाखर घालत जायचे, चमचा उभा राहीपर्यंत. पातळ राहिले तर खालचा गोळा पाणी पितो आणि उमलतो. मेंदीच्या रिकाम्या कोनात भरून नक्षी काढली. मेंदी काढणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. रात्रभरात कडक होते. पण साखर ती साखर, मुंग्या आल्या. मी शहाणी, लाडवांचा डबा ठेवतो तशी पाण्याच्या परातीत ताटली ठेवली. मुंग्या थांबल्या आणि ओलीने गोळे बसले! आता पुरते वाळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. वर "खायचे नाही" अशी चिठ्ठी लावते, कारण शेजारच्या नातवाने केक समजून एकाला दात लावला होता. तोंड वाकडे करून थुंकला म्हणून बरे.

मागल्या दिवाळीत आपण हे गोळे विकायला ठेवणार होतो, ते का राहिले असे पुष्कळजणी विचारतात. अंगाला लावायची वस्तू विक्रीसाठी करायची तर सौंदर्यप्रसाधनांचा सरकारी परवाना लागतो. सोडा वाण्याकडचा असला तरी सुटका नाही. मला आधी राग आला, पण कुणाच्या अंगावर पुरळ उठले तर जाब कुणी द्यायचा? तेव्हा आपापल्या घरापुरतेच करावे हे बरे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. पावलांना चटका कळत नाही आणि फोड येतो. आणि तेलाने फरशी निसरडी होते, ती लगेच पुसावी.

गोळ्याने पाय बरे होतात असे मी म्हणणार नाही. कोमट पाणी आणि पंधरा मिनिटे बसणे, गुण त्याचाच असावा. पण नुसत्या पाण्यात पाय घालून बस म्हटले असते तर ती बसली नसती. त्या रात्री मी कपड्यांच्या टबात अर्धी बादली कोमट पाणी घेतले आणि नक्षीचा मोदक तिच्या हातात दिला. तिने तो उलटापालटा करून पाहिला, म्हणाली, "हा तू केलास?" आणि पाण्यात सोडला. फेस आला तशी हसली. मग म्हणाली, "तूही घाल की पाय, तू तरी दिवसभर कुठे बसतेस?" एका टबात चार पाय कसेबसे मावले. कारखान्यात कोण कशी आहे, कुणाचे कंत्राट संपते आहे, हे सगळे ती सांगत बसली. पाणी गार झाले तरी आम्ही उठलो नाही.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळात मी करून दाखवणार आहे. साहित्य तिथे असेल. येताना मोदकाचा साचा आणि मेंदीचा रिकामा कोन आणावा, आणि पाऊस असला तर येऊ नये, पुढचा शनिवार धरू.