ज्वारी पाण्याविना दिवस कसे काढते?
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपल्या शेतांतली ज्वारी पाण्याविना दिवस कसे काढते, एवढेंच आज आम्ही सांगणार आहों. विषय लहान दिसेल. पण ज्या घरची भाकर आणि ज्या गोठ्यांतला कडबा त्या ताटावर अवलंबून आहे, त्या घराला याहून मोठा विषय कोणता? पावसानें ओढ दिली म्हणजे कोणी पंचांग उघडून नक्षत्राचें वाहन बेडूक कीं गाढव तें पाहतो, कोणी वर्गणी काढून अनुष्ठान बसवितो. त्या ताटाला आंत काय होत आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तें आपण आज विचारूं.

कुंभारदादाचा माठ पाझरतो, म्हणून त्यांतलें पाणी गार राहतें. झाडाचें पानहि तसेंच आहे. पानाच्या सालीला डोळ्यांस न दिसणारीं बारीक छिद्रें असतात व प्रत्येक छिद्राला ओठांसारख्या दोन पेशी असतात. त्या पाण्यानें फुगल्या म्हणजे तोंड उघडतें, सुकल्या म्हणजे मिटतें. उघड्या तोंडानें पान हवेंतला कर्बवायु घेतें व उन्हाच्या बळावर त्याचें अन्न करतें. पण त्याच तोंडावाटे आंतलें पाणी वाफ होऊन बाहेर जातें. मुळांनीं शंभर घागरी पाणी ओढलें तर पंचाण्णवाहून अधिक घागरी अशा उडून जातात. हा सगळाच उधळेपणा नव्हे. त्या वाफेनें पान थंड राहतें, आणि तिच्याच ओढीनें खालचें पाणी व त्यांत विरघळलेले क्षार शेंड्यापर्यंत चढतात. झाडाच्या पोटांत मोट नाहीं कीं पंप नाहीं.

आतां जमीन सुकूं लागली म्हणजे काय होतें? झाडांत एक द्रव्य तयार होतें व तें पानाला वर्दी देतें; तोंडें मिटतात. पाणी वांचतें, पण अन्न करणेंहि थांबतें. दुकानाला कुलूप लावून बसलेल्या माणसाची चोरी होत नाहीं, तशी विक्रीहि होत नाहीं. म्हणून दुष्काळांतलें पीक आधीं उपाशी पडतें व मग वाळतें, हें ध्यानांत ठेवा.

यावर प्रत्येक झाडानें आपापली तोड काढली आहे. निवडुंग दिवसा तोंड मिटून ठेवतो व रात्रीच्या गारव्यांत उघडतो. पळस उन्हाळ्याच्या तोंडीं पानेंच टाकून देतो. बाभूळ पान बारीक ठेवते व मूळ खोल नेते. आपली ज्वारी तर काटकसरींत कोणाला हार जात नाहीं. तिच्या ताटावर व पानावर मेणाची पांढरी भुकटी असते. ऊन चढलें कीं ती पान सुरळीसारखें गुंडाळते. तोंड थोडेंसें उघडूनहि ती पुरेसा कर्बवायु धरूं शकते, त्यामुळें तेवढ्याच वाढीला गव्हापेक्षां तिला पाणी कमी लागतें. ताण फार झाला तर ती वाढ थांबवून उभी राहते, आणि ओल मिळतांच पुन्हां चालूं लागते.

सोलापूर, बीड या भागांत रब्बीची ज्वारी पावसाळ्याच्या अखेरीस पेरतात. पुढें तिला पाऊस असा फारसा मिळत नाहीं. काळ्या जमिनीनें पोटांत सांठविलेल्या ओलीवर ती कणसाला येते. ही ओल म्हणजे आपलें पेंवच समजा. जमिनीला भेगा पडल्या कीं त्या पेंवाला भोकें पडलीं. शेतांत तण माजलें कीं चोर शिरले. ताट कितीहि काटकसरी असलें तरी फुटक्या पेंवाला तें काय करणार?

म्हणून पेंव राखणें हें आपलें काम. उताराला आडवी मशागत व बांधबंदिस्ती करून पाणी जागींच जिरवा. ताटें दाटीनें ठेवूं नका. दोन ओळींत ४५ व दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर असूं द्या. पेरणीनंतर तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत कोळपणी करा. शेवटच्या कोळपणीनें भेगा बुजल्याच पाहिजेत. विहिरींत एकाच पाण्यापुरता सांठा असेल, तर पीक पोटरींत येण्याची वेळ सांभाळा. पोटरी व फुलोरा यांवेळचा ताण दाण्याला फार मारतो. सुतारानें व लोहारानें केलेलें कोळपें या कामीं कोणत्याहि अनुष्ठानाहून मोलाचें आहे.

ही विद्या परकी नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत तळीं व बंधारे बांधून पाणी शेतांत मुरवावें, असा आग्रह धरला. पुढें १९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. मोहोळच्या केंद्रांत निवडून काढलेली मालदांडी ज्वारी आजहि आपण पेरतों. पण ती निवड कशांतून झाली? ज्यांना अडाणी म्हणून हिणविलें, त्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या जपलेल्या बियाण्यांतून. चांगलें कणीस ओळखून तें बियाण्याला बाजूस ठेवणाऱ्या आपल्या आयाबहिणीहि या शास्त्राच्या मानकरी आहेत.

मात्र कोणी असें समजूं नये कीं कोळपणीनें सगळें भागतें. १९७२ सालासारखा पाऊसच फिरकला नाहीं, तर जमिनींत ओल शिरत नाहीं व मग ज्वारीहि हात टेकते. तें शेतकऱ्याच्या पूर्वजन्मींचें पाप नव्हे. अशा वेळीं हाताला काम व जनावरांना चारा मागणें हा आपला हक्क आहे; तो मागण्यास लाजूं नका.

शेवटीं एकच मागणें. आपल्या मुलामुलींच्या शाळेंत सूक्ष्मदर्शक असेल, तर गुरुजींना सांगून पानाची पातळ साल त्याखालीं धरून त्यांना दाखवा. तीं मिटणारीं-उघडणारीं तोंडें ज्या मुलीनें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलीं, तिला पुढें नक्षत्राच्या वाहनावर कोणी फसवूं शकणार नाहीं.