माता व बालक यांचे आरोग्य आणि आपला धर्मग्राम
(अमृतमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आजच्या मंगल समयी आम्ही आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती योग्यच आहे. परंतु महोत्सवाच्या तयारीसाठी धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळीत असता एक गोष्ट आमच्या नजरेस आली व तिने आम्हांस दुसऱ्या विषयाकडे वळविले. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या स्नानसंस्काराच्या वहीत जी नावे आहेत, त्यांपैकी कित्येक नावे थोड्याच महिन्यांच्या अंतराने दफनाच्या वहीत पुन्हा आढळतात. काही ठिकाणी आई व बालक यांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. अलीकडच्या वह्यांत अशी पाने क्वचितच लागतात. हा पालट कसा घडून आला, आणि तो सर्वांच्या वाट्यास आला आहे काय, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानातील मरियामातेच्या भेटीचा प्रसंग आपणां सर्वांस परिचित आहे. देवदूताचा निरोप मिळताच ती त्वरेने डोंगराळ मुलखात एलिझाबेथच्या घरी गेली. एलिझाबेथ वयाने फार झालेली होती व तीस सहावा महिना होता. आजच्या वैद्यकाच्या भाषेत ती जोखमीची माता होय. मरिया तेथे सुमारे तीन महिने राहिली. या प्रसंगावर आम्ही अनेक प्रवचने केली. परंतु ते तीन महिने म्हणजे गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने होत, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानी फार उशिरा आली. ती कशी आली, ते पुढे सांगू.

प्रथम देशाने काय केले, ते कृतज्ञतेने पाहू. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला आणि ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रे असावीत, असे सुचविले. पुढे १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू होऊन अंगणवाडी आली. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशाताई घरोघर जाऊ लागल्या व जननी सुरक्षा योजना अमलात आली. २०११ साली जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातील प्रसूती, मग ती शस्त्रक्रियेची का असेना, विनामूल्य केली. औषधे, तपासण्या, जरूर पडल्यास रक्त, रुग्णालयातील आहार, घरून नेणारी व परत आणून सोडणारी गाडी, या सर्वांचा त्यात समावेश आहे.

या श्रमांचे फळ आकड्यांत दिसते. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहात नसत. २०२० साली ही संख्या २८ वर आली. दर एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ या काळात २५४ माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ९७ झाले, आणि आपल्या महाराष्ट्रात ३३. पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला, व २०१४ साली आपला देश त्या रोगापासून मुक्त असल्याचे जाहीर झाले.

घरी जाऊन भेट देण्यात केवढे सामर्थ्य आहे, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांस नवजात बालकाची काळजी घरच्या घरी घेण्याचे शिक्षण दिले. श्वास मंद असल्यास काय करावे, बालकास ऊब कशी द्यावी, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, हे त्या शिकल्या, आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. पुढे हीच रीत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावे, असा नेम आहे.

तथापि काम संपलेले नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे, आणि जिच्या अंगी मुळातच रक्त थोडे, तीस तो सोसत नाही. जाणकार तीन विलंब सांगतात : दवाखान्यात जावयाचे ठरविण्यास विलंब, तेथे पोहोचण्यास विलंब, व पोहोचल्यावर उपचार मिळण्यास विलंब. यांपैकी पहिले दोन विलंब घराच्या उंबरठ्यावर व रस्त्यावर होतात, आणि तेथे शेजाऱ्याचा हात पोहोचू शकतो.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी चर्चच्या नजीक एका इमारतीचे काम चालले होते. जव्हारकडील एक जोडपे तेथे राबत असे. ती बाई गरोदर होती व चर्चच्या नळावर पाणी भरावयास येत असे. आम्ही तिची विचारपूस करीत असू, तांदूळ देत असू, आशीर्वादही देत असू. परंतु बाई, तुझे नाव कोठे नोंदविले आहे काय, तुझे रक्त तपासले आहे काय, प्रसूतीसाठी तू कोठे जाणार, हे तीन प्रश्न आम्ही एकदाही विचारले नाहीत. एका पहाटे तिचा पती धावत आला. झोपडीतच प्रसूती झाली होती व रक्तस्राव थांबत नव्हता. वाहन मिळवून रुग्णालय गाठीपर्यंत फार वेळ गेला. मूल वाचले, आई गेली. सरकारी आरोग्य केंद्र आमच्या दारापासून वीस मिनिटांच्या चालीवर आहे. गोळ्या होत्या, गाडी होती, योजना होती. तीस हाताशी धरून तेथवर नेणारे कोणी नव्हते, आणि तिच्या सर्वांत जवळ आम्ही होतो. दुसऱ्या कोणास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्या रात्री मरियामातेच्या भेटीचा अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा ते तीन महिने आमच्या ध्यानी आले.

म्हणून या महोत्सवी वर्षात आम्ही आपणांपुढे काही विनंत्या ठेवितो.

प्रत्येक आळीतील ख्रिस्ती समूहाने दोन अनुभवी भगिनी नेमाव्यात. त्यांनी आशाताईंशी ओळख करून घ्यावी आणि घरात, झोपडीत, वीटभट्टीवर जेथे गरोदर माता असेल तेथे, धर्म व जात न पाहता, वरील तीन प्रश्न विचारावेत. पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदविले जावे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत गरोदर मातांची विशेष तपासणी होते. त्या दिवशी ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी ते द्यावे.

आपल्यापैकी जे बागायतदार व कंत्राटदार आहेत, त्यांस आमचे कळकळीचे सांगणे आहे : तपासणीस गेलेल्या मजूर स्त्रीची त्या दिवसाची मजुरी कापू नका. पोटासाठी तपासणी चुकविणारी माता आपल्याच कामावर असेल, तर तिचा हिशेब आपणांस द्यावा लागेल.

पती व सासूबाई यांस विनंती की, घरच्या सुनेने सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवावे ही रीत सोडून द्यावी. लोहाच्या गोळ्या ती रोज घेते की नाही, याकडे लक्ष असावे; गरोदरपणी १८० दिवस व प्रसूतीनंतर १८० दिवस, असा त्यांचा क्रम आहे. स्नानसंस्काराच्या नोंदणीस येताना बालकाचे लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे. कार्ड नसल्यास संस्कार अडणार नाही. परंतु धर्ममातापित्यांनी त्या बालकास लसीसाठी नेण्याचे वचन द्यावे.

आमच्या नंतर येणारे धर्मगुरू शतकमहोत्सवाच्या वेळी याच वह्या उघडतील. आपल्या काळची पाने वाचताना त्यांचे डोळे भरून येऊ नयेत, एवढेच आमचे मागणे आहे. एलिझाबेथच्या दारी त्वरेने गेलेली पवित्र माता आपल्या पायांसही तीच त्वरा देवो. आमेन.