वस्त्राची दृष्टीआड सृष्टि

दुपारचीं जेवणें आटोपलेलीं असावींत, घरांत थोडी सामसूम झालेली असावी, आणि रस्त्यावरून भांडीवालीची लांबट आरोळी कानीं यावी, असा प्रसंग मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांतून पिढ्यान् पिढ्या घडत आला. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीशीं कपड्यांचें गाठोडें घेऊन बोहारीण उंबऱ्याशीं बसे. गृहिणी आंतून जुनें लुगडें, उसवलेला कोट, विटलेलें धोतर आणून तिच्यापुढें टाकी. बोहारीण एकेक वस्त्र उजेडांत धरून तें कोठें विरलें आहे हें पाही, तोंड वांकडें करी, आणि मग एका पातेल्यावरून दोघींची घासाघीस सुरू होई. "अहो बाई, एवढ्यांत तर वाटीसुद्धां येणार नाहीं!" हें वाक्य ठरलेलें, "मग राहूं दे, ठेव तुझें पातेलें," हें उत्तरही ठरलेलें. शेवटीं पातेलें घरांत येई व गाठोडें पुढल्या दाराकडे जाई.

हा व्यवहार दिसायला क्षुल्लक. परंतु त्याच्या मुळाशीं एक पक्कें अर्थशास्त्र होतें. घराबाहेर पडणारें वस्त्रही कोणाच्या तरी उपयोगीं पडेल असें असे, म्हणून त्याला मोल असे. बोहारीण तें नेऊन धुवी, दुरुस्त करवी आणि जुन्या बाजारांत विकी. हा धंदा आजही पुरता बुडालेला नाहीं. दिल्लीच्या रघुवीर नगरांत जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आजही पहांटेच्या अंधारांत भरतो.

बोहारणीच्या पाटींत पडण्यापूर्वीं वस्त्राला घरांतच कितीतरी अवस्था भोगाव्या लागत. नऊवारी लुगडें मध्यें विरलें कीं तेवढा भाग कापून दोन्ही धडके भाग जोडीत. याला दंड घालणें म्हणत. दंडाचें लुगडें घरीं नेसावयाचें. तेंही जीर्ण झालें कीं त्यांतून मुलीचा परकर निघे, तान्ह्या मुलाचें दुपटें निघे. उरल्या तुकड्यांचे थर एकावर एक घालून बारीक धांवदोऱ्यानें गोधडी शिवली जाई. त्या गोधडींत आजीच्या लुगड्याचा कांठ आणि नातवाच्या अंगरख्याची बाही शेजारीं शेजारीं नांदत. गोधडी फाटली कीं तिचें पोतेरें होई, आणि पोतेरें संपलें कीं तें मातींत मिसळून जाई. सुती धाग्याला मातीचें वावडें नव्हतें.

हें सांगतांना गतकाळाची उगीच आरती ओंवाळण्याचें कारण नाहीं. ही काटकसर पुष्कळ वेळां सद्गुणापेक्षां दारिद्र्यांतून आलेली होती. कंदिलाच्या उजेडांत गोधडी शिवून स्त्रियांचे डोळे जात, आणि वडील भावाचाच सदरा धाकट्याला घालावा लागे, याचें दुःख त्या धाकट्यालाच ठाऊक. माणसाला नवें वस्त्र आवडतें यांत पाप नाहीं. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण उगाच रूढ झालेली नाहीं. मात्र त्या काळाजवळ एक ज्ञान होतें, आणि तें आतां हातचें निसटत आहे. वस्त्र कोणीतरी श्रमानें केलेलें असतें, आणि टाकल्यावर तें कोठेंतरी जाऊन पडतें, एवढेंच तें ज्ञान.

पूर्वीं हा करणारा डोळ्यांसमोर असे. गांवांत कोष्टी होता, शिंपी होता. पुढें गिरण्या आल्या तरी संबंध अगदींच तुटला नाहीं. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणी काढण्याचा उपक्रम केला व १८५६ सालीं मुंबईंत ती गिरणी चालूं झाली. त्यानंतर सव्वाशें वर्षें गिरणगांवचा भोंगा शहराच्या कानांत होता. कापड घेणारा आणि कापड विणणारा एकाच शहरांत राहत, एकाच गणपतीच्या मिरवणुकींत चालत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर त्या गिरण्या पुन्हा पूर्वीच्या जोमानें उभ्या राहिल्या नाहींत, आणि चिमण्यांच्या जागीं उंच इमारती आल्या. वस्त्र करणारा माणूस तेव्हांपासून शहरी कुटुंबाच्या दृष्टीआड झाला. आणि दृष्टीआड सृष्टि, या न्यायानें मनाआडही झाला.

दुसरा पालट धाग्याचा. १९४१ सालीं इंग्लंडांत विन्फील्ड आणि डिक्सन या दोन रसायनज्ञांनीं पॉलिएस्टरचा धागा तयार केला. हा धागा खनिज तेलापासून निघतो. स्वस्त, टिकाऊ, न चुरगळणारा. आज जगांत तयार होणाऱ्या एकंदर तंतूंपैकीं निम्म्याहून अधिक तंतु पॉलिएस्टरचे असतात. टिकाऊ धाग्याचीं वस्त्रें टिकाऊपणें वापरलीं जात नाहींत, हा यांतला विपर्यास. एलेन मॅकार्थर प्रतिष्ठानानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, त्यापूर्वींच्या सुमारें पंधरा वर्षांत जगांतील कपड्यांचें उत्पादन जवळजवळ दुप्पट झालें, आणि एक कपडा टाकण्यापूर्वीं जितक्या वेळां अंगावर चढतो ती संख्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटली. कपड्यांसाठीं वापरलेल्या मालापैकीं एक टक्काही पुन्हा नव्या कपड्याच्या कामीं येत नाहीं. सूत आणि पॉलिएस्टर एकत्र विणलें कीं तें वेगळें करणें कठीण. त्याचें पोतेरें झालें तरी माती तें स्वीकारीत नाहीं.

सुताचेंही सर्व निर्दोष आहे असें नव्हे. कापसाचा एक सदरा होण्यास सुमारें २,७०० लिटर पाणी लागतें, असा हिशेब मांडला जातो. मध्य आशियांतील अमू आणि सिर या नद्यांचें पाणी मुख्यतः कापसासाठीं वळविल्यामुळें १९६० नंतर अरल समुद्र आटत गेला, आणि जेथें कोळ्यांचीं गलबतें चालत तेथें वाळूंत त्यांचे सांगाडे रुतून राहिले. सदऱ्याच्या किंमतीच्या चिठ्ठीवर या समुद्राची किंमत लिहिलेली नसते.

मग ही किंमत भरतो कोण? या प्रश्नाचें उत्तर २४ एप्रिल २०१३ रोजीं ढाक्याजवळील सावर येथें अत्यंत भीषण रीतीनें मिळालें. तेथें राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत होती. खालीं दुकानें आणि एक बँक, वर कपडे शिवण्याचे पांच कारखाने. आदल्या दिवशीं भिंतींना आणि खांबांना भेगा पडल्या. बँकेनें आपल्या नोकरांना घरीं पाठविलें. दुकानेंही बंद झालीं. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं कामावर यावें लागलें, कारण परदेशची मागणी मुदतींत पुरी करावयाची होती आणि गैरहजर राहिल्यास पगारावर गदा येणार होती. नऊ वाजण्याच्या सुमारास इमारत कोसळली. १,१३४ माणसें मेलीं, सुमारें अडीच हजार जखमी झालीं. मेलेल्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. कोणत्या कंपन्यांचें काम तेथें चाललें होतें हें ठरविण्यासाठीं ढिगाऱ्यांतून कपड्यांच्या चिठ्ठ्या आणि मागणीचे कागद वेंचून काढावे लागले. जी चिठ्ठी ग्राहक मानेला टोंचते म्हणून कातरून टाकतो, तीच तेथें साक्षीदार झाली.

या घटनेनंतर इंग्लंडांत कॅरी सॉमर्स आणि ऑर्सोला द कास्त्रो या दोन स्त्रियांनीं एक चळवळ आरंभिली. तिचें साधन अगदीं साधें होतें. ग्राहकानें आपला कपडा उलटा करून आंतली चिठ्ठी दिसेल असें छायाचित्र काढावें, आणि महाजालावर तें ठेवून त्या कंपनीला जाहीरपणें विचारावें: माझे कपडे कोणी शिवले? एकट्यादुकट्याचें पत्र कचेरींतील टोपलींत जातें; देशोदेशींच्या हजारों लोकांनीं एकाच आठवड्यांत, चारचौघांदेखत विचारलेला प्रश्न टोपलींत टाकतां येत नाहीं. कांहीं कंपन्यांनीं आपल्या कारखान्यांच्या याद्या उघड केल्या. शिवणाऱ्या मुलींनीं 'तुमचे कपडे मीं शिवले' अशा पाट्या हातीं धरून उलट उत्तरें दिलीं. मात्र केवळ प्रश्नानें इमारती मजबूत होत नसतात. त्यासाठीं मे २०१३ मध्येंच कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यांत कायदेशीर बंधन असलेला करार व्हावा लागला, आणि त्यान्वयें सोळाशेंहून अधिक कारखाने तपासले गेले.

याच महाजालावर पुढें निरनिराळे मेळे जमले. २०१५ सालीं बंगलोरच्या अंजू मौद्गल कदम आणि ॲली मॅथन या दोन मैत्रिणींनीं वर्षांत शंभर वेळां साडी नेसावयाची, आणि दर वेळीं त्या साडीची आठवण लिहावयाची, असा परस्परांत करार केला. पाहतां पाहतां देशांतल्या व परदेशांतल्या असंख्य स्त्रिया त्यांत सामील झाल्या. कपाटाच्या तळाशीं पडलेल्या साड्या बाहेर आल्या. नव्या खरेदीवांचूनही मिरवतां येतें, आणि मिरविण्यासारखी गोष्ट साडीच्या किंमतींत नसून तिच्या इतिहासांत असते, हें त्यांना उमगलें. त्याआधीं १८ ऑक्टोबर २००९ रोजीं ॲम्स्टरडॅम येथें मार्टिने पोस्टमा या बाईंनीं दुरुस्तीचें पहिलें सार्वजनिक संमेलन भरविलें. लोकांनीं मोडकें-फाटकें घेऊन यावें, जाणत्यांनीं शेजारीं बसवून दुरुस्त करण्यास शिकवावें, चहा-कॉफी घ्यावी, आणि पैसा मागूं नये, अशी त्याची रीत. आज अशीं संमेलनें जगांत दोन हजारांहून अधिक ठिकाणीं भरतात. ठिगळ लपविण्याऐवजीं रंगीत दोऱ्यानें उठून दिसेल असें लावावें, हीही एक नवी रसिकता तरुणांत रुजली आहे. आजीला ज्या ठिगळाची लाज वाटे, त्याचा नातीला अभिमान वाटतो.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या पडद्यावर रफूचे धडे दिसतात, त्याच पडद्यावर पिशव्या भरभरून आणलेले कपडे उलगडून दाखविणाऱ्या मुलीही दिसतात, आणि त्यांचा प्रेक्षकवर्ग लहान नसतो. जुने कपडे विकण्याची सोय झाली कीं 'नको असेल तर विकतां येईल' या भरंवशावर नवी खरेदी वाढते, असेंही घडतें. कपडे दान केल्यानें हात धुतले जातात, हाही एक भ्रम. पश्चिमेकडील देशांत दान केलेल्या कपड्यांपैकीं पुष्कळसे घाना देशांतील अक्रा शहरीं, कांतामांतो नांवाच्या बाजारांत जाऊन पडतात. तेथें आठवड्याला सुमारें दीड कोटी नग येतात, असा अंदाज सांगितला जातो. व्यापारी स्त्रिया कर्ज काढून बंद गठ्ठे घेतात. आंत काय आहे हें गठ्ठा फोडल्यावांचून कळत नाहीं. तरुण मुली ते जड गठ्ठे डोक्यावरून वाहतात. न विकलेला माल गटारांतून समुद्राकडे जातो, आणि लाटा त्याच्या चिंध्यांचे दोर वळून किनाऱ्यावर टाकतात. तेथील भाषेंत या कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' अशा अर्थाचें नांव आहे, कारण जिवंत माणूस एवढे चांगले कपडे टाकील ही कल्पनाच लोकांना पूर्वीं पटली नाहीं. जानेवारी २०२५ च्या आरंभीं त्या बाजाराला मोठी आग लागली आणि हजारों विक्रेत्यांचा संसार जळाला. याच बाजारांत कसबी कारागीर जुन्या कपड्यांतून नवीं वस्त्रें घडवितात, हेंही विसरतां कामा नये. बोहारणीची विद्या तेथें जिवंत आहे. तिच्यावर पडणारा भार मात्र अमानुष आहे.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. लोकांनीं कपडे घेणेंच कमी केलें तर ढाक्याच्या त्या शिवणारणीनें खावें काय? बांगला देशाच्या निर्यातींत चार-पंचमांशांहून अधिक वांटा कपड्यांचा आहे. लाखों स्त्रियांना याच धंद्यानें पहिला रोख पगार हातीं दिला. म्हणून बहिष्कार हें उत्तर नव्हे, आणि त्या स्त्रियांनीं तें मागितलेलेंही नाहीं. त्यांनीं मागितली ती पडणार नाहीं अशी इमारत आणि पुरेल असें वेतन. तेथील किमान मासिक वेतन २०१३ च्या अखेरीस ३,००० टक्यांवरून ५,३०० टके झालें, आणि डिसेंबर २०२३ पासून १२,५०० टके. तरीही तें अपुरें आहे असें कामगार म्हणतात. पांच भिकार सदऱ्यांऐवजीं दोन चांगले सदरे घेऊन त्यांचें रास्त मोल दिलें, आणि त्या मोलाचा वांटा शिवणारणीच्या हातीं पडला, तर तिचेंही पोट भरेल व नदीचेंही पाणी वांचेल. मात्र तो वांटा आपोआप पडत नाहीं. त्यासाठीं संघटना लागते, कायदा लागतो. फ्रान्सनें २०२० सालीं न खपलेले कपडे जाळण्यास व नष्ट करण्यास मनाई करणारा कायदा केला, आणि २०२३ च्या अखेरीपासून कपडे दुरुस्त करून घेणाऱ्याला खर्चांत सूट मिळूं लागली. सदरा सांधणें हें राष्ट्राच्या धोरणांत बसूं शकतें, हें त्यावरून दिसतें.

मग सामान्य कुटुंबाच्या हातीं काय उरतें? वाटतें त्याहून पुष्कळ. सदऱ्याचें तुटलेलें बटण ज्या घरांत त्याच संध्याकाळीं लागतें, त्या घरांत सदरा दोन वर्षें अधिक टिकतो. मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, सुई ओंवतां आली पाहिजे. तें केवळ मुलीचें काम, ही जुन्या काळची चूक पुन्हा करण्याचें कारण नाहीं. नाक्यावरच्या शिंप्याला उसवलेला शिवण्याचें काम द्यावें, आणि नव्या शिवणीइतक्याच आदरानें त्याचें मोल द्यावें. विकत घेतांना कपडा उलटा करून पाहावा. आंतली शिवण कपड्याचा खरा स्वभाव सांगते. आणि चिठ्ठीवर ज्या देशाचें नांव असेल त्या देशांतली एखादी विशींतली मुलगी यंत्रावर वांकून बसलेली आहे, हें क्षणभर डोळ्यांसमोर आणावें.

बोहारीण जेव्हां उंबऱ्याशीं बसून लुगडें उजेडांत धरी, तेव्हां ती हेंच करीत असे. कोठें विरलें, कोठें धडकें आहे, अजून याचें काय होईल, हें ती पाही. ज्या दारांतून नवें वस्त्र घरांत येतें, त्याच दाराशीं तेवढ्याच बारकाईनें तें एकदां उजेडांत धरून पाहण्याची संवय लागली, तर बाहेर टाकावें लागणारें गाठोडें आपोआपच हलकें होईल.