'टुमारो'ची एकुलती एक ध्वनिमुद्रिका

1967 साली लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडवरील 'यूएफओ' क्लबात तरुण मंडळी रात्ररात्र जागून ज्यांचे वादन ऐकत, त्यांत 'टुमारो' हा चौघांचा वाद्यवृंद होता. कीथ वेस्ट गायक, स्टीव्ह हाउ गिटारवादक, जॉन वुड यांच्याकडे बास आणि ट्विंक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाकडे ड्रम.

त्यांचे 'माय व्हाइट बायसिकल' हे गीत मला सर्वांत मोलाचे वाटते. ॲम्स्टरडॅमच्या 'प्रोव्हो' नामक बंडखोर तरुणांनी 1965 साली सायकली पांढऱ्या रंगवून, ज्याला गरज असेल त्याने न्याव्यात म्हणून कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या आणि तशा ठेवण्यास कायद्याची मनाई असल्याच्या सबबीवर पोलिसांनी त्या जप्त केल्या. या घटनेतून हे गीत स्फुरले. त्यात हाउ यांच्या गिटारीची फीत उलटी फिरवलेली असल्यामुळे स्वर आघाताने उमटून विरत जाण्याऐवजी शून्यातून फुगत येतो आणि ऐन भरात तुटतो, आणि मध्येच पोलिसी शिट्टी वाजते. यांत्रिक करामत अर्थाची इतकी निष्ठेने सेवा करताना क्वचितच आढळते.

हे गीत मे 1967 मध्ये विक्रीस आले. संपूर्ण ध्वनिमुद्रिका मात्र पार्लोफोन कंपनीने 1968च्या फेब्रुवारीत काढली. दरम्यान निर्माते मार्क विर्ट्झ यांच्या नियोजित 'टीनेज ऑपेरा'तील वेस्ट यांनी गायलेला एक भाग ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि तबकडीच्या वेष्टनावर वाद्यवृंदाच्या नावाला त्यांच्या एकट्याच्या नावाची जोड मिळाली. ज्या काळात अभिरुची महिन्यागणिक पालटत होती, त्या काळात एवढी दिरंगाई म्हणजे कलाकृतीवर उघड अन्यायच होय. 1968 सालीच वाद्यवृंद मोडला.

या तबकडीतले सारेच उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'ची आवृत्ती मला अनावश्यक वाटते. परंतु 'रिअल लाइफ पर्मनंट ड्रीम'मध्ये हाउ यांनी वाजवलेली सतार, रागाची शिस्त तिला नसली तरी, केवळ अलंकार म्हणून आलेली नाही. 1970 साली हाउ 'येस' या वाद्यवृंदात गेले आणि जगभर नावाजले. 'माय व्हाइट बायसिकल' 1975 साली 'नाझरेथ' या वाद्यवृंदाने पुन्हा गाऊन लोकप्रिय केले. ज्यांना ही पुढची नावे ठाऊक आहेत, त्यांनी आता ही मूळ तबकडी मिळवून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.