गणिताची गोडी



व्यापारी समाजाच्या रक्तातच हिशेब असतो, असे कौतुकाने म्हटले जाते. या कौतुकाचा काच मात्र ज्या मुलाला गणित जमत नाही, त्यालाच होतो. दहावी संपताच तो गणिताला कायमचा नमस्कार करतो, अकरावीला वाणिज्य शाखेत चिटणिसाची कार्यपद्धती हा पर्याय घेतो आणि पुढील कितीतरी दारे स्वतःच लावून घेतो. हा निर्णय बुद्धीचा नसतो, बहुधा भीतीचा असतो.

तेहरानमध्ये जन्मलेल्या मरियम मिर्झाखानी यांनाही शाळेत एका वर्षी गणित जमले नव्हते. या मुलीला विशेष गती नाही, असे तेथील शिक्षिकेचे मत झाले आणि मुलीचा रसच संपला. पुढील वर्षी प्रोत्साहन देणाऱ्या शिक्षिका लाभल्या. त्याच मरियम २०१४ साली फील्ड्स पदक मिळविणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. २०१७ साली त्यांचे अकाली निधन झाले. आपण सावकाश विचार करतो, असे त्या स्वतःविषयी सांगत. आपल्याकडे मात्र झटपट उत्तर देणाराच हुशार ठरतो!

रक्तातला म्हणतात तो हिशेब वस्तुतः सरावातून आलेला होता. जुन्या पेढीवरील मुनीमजींनी लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेली असे. दीडशे रुपये मीटरचे सव्वातीन मीटर कापड म्हटले, की तिनाचे साडेचारशे, पावाचे साडेसदतीस, एकूण चारशे साडेसत्याऐंशी. अवघड संख्येचे सोपे तुकडे करणे, एवढीच ती किमया. ज्याला तुकडे करता आले, त्याची भीती निम्मी ओसरते.

पण भीती जाणे निराळे आणि गोडी लागणे निराळे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. गुणाकारासारख्या रुक्ष विषयातही आचार्यांनी उदाहरणे अशी निवडली, की उत्तर गळ्यातील हारासारखे दिसावे. १३९ ला १०९ ने गुणावे. शंभरपट १३९००, नऊपट १२५१, बेरीज १५१५१. उजवीकडून वाचा वा डावीकडून, मणी तेच! १४२८५७१४३ ला ७ ने गुणले, तर १००००००००१ येतात. दोन टोकांना एकेक मणी आणि मध्ये नुसती शून्ये. हा हार प्रत्यक्ष गुणाकार करणाऱ्याच्याच हाती लागतो. नुसते उत्तर ऐकणाऱ्यास त्यात काय आनंद?

देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी अशाच छंदातून ६१७४ हा अंक जगापुढे ठेवला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक एकच नसावेत. अंकांची सर्वांत मोठी मांडणी करावी, तीतून सर्वांत लहान वजा करावी, उत्तरावर पुन्हा तेच करावे. वजाबाकी तीन अंकी आली, तर पुढे शून्य लिहावे. २०१२ साली जन्मलेल्या नातवाने २२१० मधून ०१२२ वजा केले, की २०८८ येतात. ८८२० वजा ०२८८, म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. सातापेक्षा अधिक वजाबाक्या कधीच लागत नाहीत. आज घरी गेल्यावर नातवंडांबरोबर आजी-आजोबांनीही आपापले जन्मवर्ष घेऊन बसावे. कोणाला किती वजाबाक्या लागतात ते पाहावे. घड्याळ मात्र लावू नये.