प्रवासाचा खाऊ आणि तहान



मे महिना सरत आला की आमच्या विजयदुर्गच्या एसटी स्टँडवर चाकरमान्यांच्या सामानाचा ढीग लागतो. आंब्याच्या पेट्या, सोलांच्या पिशव्या, फणसपोळी, खाजं, कुळथाचं पीठ. मुंबईतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी सगळं नीट बांधलेलं असतं. पण गाडीत बसणाऱ्यांनी रात्रभर खायचं काय? तर शेवटच्या पाच मिनिटांत टपरीवरून घेतलेले वेफर्स, तिखट शेव नि क्रीमची बिस्किटं. घरात एवढं असताना हे बघवत नाही हो.

मला आज मुख्यतः मिठाबद्दल बोलायचं आहे. प्रवासात आपण पाणी पीत नाही. बायका तर मुळीच पीत नाहीत. "नको गो बाय, गाडी मध्येच थांबूची नाय," म्हणून दुपारपासूनच घोट घोट मोजतात. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही, कारण वाटेत धड स्वच्छतागृह मिळेलच याची खात्री नसते. पण अशा कोरड्या पोटात खारट फरसाण गेलं की तहान दुप्पट होते. डोकं ठणकतं, लघवीला जळजळतं, दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही. मग आपण म्हणतो, प्रवास बाधला. बाधलेलं असतं ते मीठ आणि न प्यालेलं पाणी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. त्यात आमटी, भाजी, लोणचं सगळं आलं. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा असतो, तो वाचा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. हा आकडा बऱ्याचदा १०० ग्रॅमचा दिलेला असतो, तेव्हा पाकीट केवढं आहे तेही बघा.

मग न्यायचं काय? पाणी तापवायची चूल तुम्ही सगळ्यांनी पेटवली आहे. सुकी चुडतं घातली की केवढा भडका उडतो, आणि हां हां म्हणता राख होते. परत घाला, परत राख. बिस्किटं नि वेफर्स ही चुडतं. तासाभरात परत हात पिशवीत. नारळाचं सोडण मात्र धुमसत राहतं, हंडा बराच वेळ गरम ठेवतं. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, नाचणीची भाकरी ही आपली सोडणं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, मूठभर खाल्ले तरी पोटाला आधार होतो. खाजं नि लाडू म्हणजे करवंटी. आच मोठी, म्हणून एखाददुसरीच घालायची. आणि चूल गच्च भरली तर वारा खेळत नाही, नुसता धूर होतो. रात्री बसल्या जागी चार वडे खाल्ले की घशाशी येतं ते त्यामुळेच.

शेंगदाणे घरी भाजा आणि मीठ लावू नका. खारे दाणे नकोत, परत सांगते, खारे नकोत. जिथे पाणी कमी तिथे मीठ कमी.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी इथूनच मुंबईची बोट धरली. ती माणसं दशम्या बांधून नेत, दुधात भिजवलेल्या कणकेच्या. सोबत सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी. त्या बांधणीत अक्कल होती. ओल्या खोबऱ्याची चटणी बंद डब्यात, उकाड्यात, चारपाच तासांत आंबते. सुकं खोबरं भाजून घेतलं की टिकतं. भाकरी, दशमी काही असो, पूर्ण निवल्याशिवाय डब्यात घालू नका. झाकणाला वाफ धरली की अन्न घामेजतं आणि उतरतं. भात तर रात्रीच्या प्रवासाला नकोच.

आता पाण्याचं. ज्यांना घटाघट पाणी प्यायची भीती वाटते त्यांनी केळी न्यावीत, काकडी न्यावी. गणपतीहून परतणाऱ्यांना तर घरचं तवसं असतंच. अख्खं न्या, आयत्या वेळी चिरा, आणि वर मीठ भुरभुरू नका. त्याच्याबरोबर दोन-दोन घोट पाणी थोड्या थोड्या वेळाने. तळेऱ्याला हायवे लागेपर्यंत अर्धी बाटली तरी संपलेली असू दे. गाडी जिथे जेवायला थांबेल तिथे उतरायचं, कंटाळा करून बसून राहायचं नाही. वाटेत गरज पडली तर कंडक्टरला सांगायला लाजू नका. पुरुषांनो, घरातली बाई लाजत असेल तर तुम्ही उठा आणि सांगा.

हा खाऊ पायाशी, हाताला लागेल असा ठेवा. डिकीत आंब्यांखाली गेलेला डबा कुणाच्या उपयोगाचा?

मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या माणसांबद्दल बरंच सांगायचं होतं, पण आता वेळ उरला नाही. एवढंच सांगते, साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत. रक्तदाबवाल्यांनी लोणचं, पापड... ते पुढच्या वेळी बोलू. एक मात्र आत्ताच सांगायला हवं. पाच वर्षांखालच्या मुलांना चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका. खड्ड्यात गाडी आदळली की दाणा श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्यांना दाण्याचं कूट घातलेला मऊ लाडू द्या, आणि तोही झोपेत नाही, बसवून भरवा.