पंचवीस की बावन्न?



जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की आपल्या कात्रजच्या घराघरांतून संध्याकाळी पाढ्यांचा आणि अंकांचा घोष ऐकू येतो. यंदा माझा नातू दुसरीत गेला. 'पंचवीस' लिही म्हटले, तर त्याने ५२ लिहिले. मी रागावले. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन माझ्याजवळ येईना!

मग मी मनाशी विचार केला. 'पंचवीस' म्हणताना आपण आधी पाच उच्चारतो, मग वीस. लिहिताना मात्र २ आधी. पोराने जसे ऐकले तसे लिहिले. 'एकोणतीस' तर त्याहून अवघड. नाव तिसाचे, पण लिहिताना सुरुवात २ ने! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला! आपले जुने संख्याशब्द मला प्रिय आहेत, ते टिकावेत. पण मुलांची अडचण खरी आहे, हेही मान्य करावयास हवे.

मी खराट्याच्या काड्या घेतल्या. दहा-दहांच्या दोन जुड्या बांधल्या, पाच सुट्या ठेवल्या.

"जुड्या किती रे?"

"दोन."

"सुट्या?"

"पाच."

त्याने आपणहून २५ लिहिले आणि हसला.

भगिनींनो, मूल चुकले तर धपाटा घालू नका. त्याने काय ऐकले ते आधी विचारा. शाळेच्या शिकवण्याला घरची एवढी साथ हवीच.